आधी वागणं लिहा
इथे एका ताईंनी विचारलंय, आपल्या श्रद्धा आणि निष्ठा लिहून काढायच्या तर सुरुवात कुठून करावी. ताई, नागपुरातच आहात, तर दीक्षाभूमीवर जाऊन २२ प्रतिज्ञा सावकाश वाचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा देताना लाखोंना दिलेल्या या प्रतिज्ञा बहुतेक 'मी'नेच सुरू होतात. काय मानणार नाही इथपासून चोरी करणार नाही, दारू पिणार नाही इथपर्यंत येतात. मानण्याला वागणं जोडलेलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. तुम्हीही प्रत्येक वाक्यापुढे लिहा: यासाठी मी काय सोडीन, कुणाचा राग ओढवून घेईन? उत्तर सुचलं नाही तर ते वाक्य तूर्त बाजूला ठेवा. 'समता' लिहिलीत, तर कामाला येणाऱ्या मावशींचा कप घरात वेगळा ठेवलाय का, तेही बघा. भाषा सजवायची घाई नको.