शनिवारची रांगोळी: दारात स्वस्तिक काढायचा का? आज रात्रीपर्यंत कळवा

मंडळी, हॉलच्या केअरटेकरचा फोन होता. यंदाही दारात 'तेच' असणार का, विचारतोय. समोरच्या युनिटमधल्या आजी गेल्या दिवाळीला खिडकीचे पडदे ओढून बसल्या होत्या म्हणे. स्वस्तिकाचा छापा ठेवायचा की कमळाचा? शिवाय पांढरी रांगोळी चारच किलो उरलीय.
– सेक्रेटरी

छापा नव्हता तो! हातानं काढलेला, उभा, चार घरांत चार ठिपके. नाझींचा काळा नि तिरपा. लक्ष्मी यावी, यापलीकडे माझ्या मनात काय असणार? अकरा वर्षं दार माझ्याकडे आहे, आजवर कुणी वंशद्वेष्टी म्हटलं नाही.
– रांगोळीवाल्या काकू

इथे ऑस्ट्रेलियात, आपल्या व्हिक्टोरिया राज्यात 29 डिसेंबर 2022 पासून नाझी चिन्ह जाहीर दाखवायला बंदी आहे. दंड तेव्हा 22,000 डॉलरच्या आसपास होता, नाहीतर 12 महिने कैद, किंवा दोन्ही. त्यातून हिंदू, बौद्ध, जैनांचा धार्मिक वापर सरळ वगळलाय. म्हणजे कायदाही हेतूच बघतो. विषय संपला. आता पार्किंगचं बोला, मागच्या वेळी मलाच दंड बसला.
– अण्णा

अण्णा, संपला कसा? 2011 मध्ये सिडनीच्या फॅशन वीकला लक्ष्मीचं चित्र असलेला स्विमसूट आला, तेव्हा सगळ्यात लांब मेल तुमची होती. त्या डिझायनरचाही हेतू वाईट नसेल, तेव्हा कुठे विचारलात? काकू वंशद्वेष्ट्या नाहीत, तसं कुणी म्हणतही नाहीये. पण काकूंच्या मनातलं रस्त्यापलीकडून दिसत नाही हो. नाझींनी काही ठिकाणी उभाही वापरलाय, ठिपके कोण मोजत बसणार!

आमच्या शेजारच्या ज्यू आजोबांना एकदा फराळ दिला, वर भरतकामाचा रुमाल टाकून. मध्यभागी लाल स्वस्तिक, माझ्या लक्षातही नाही आलं. आजोबा काही बोलले नाहीत. घडी घातली, लाल टाके आतल्या बाजूला करून रुमाल माझ्या हातात दिला, आणि मग चकली उचलली.
– कॉलफील्डच्या वहिनी

वहिनी, चकल्या भाजणीच्या होत्या का? शनिवारसाठी अजून कुणी हो म्हटलेलं नाही.
– फराळ कमिटी

1920 साली नाझींनी पक्षाच्या झेंड्यावर घेतला, आपल्याकडे तो हजारो वर्षांचा. त्यांच्याला हाकेनक्रॉइत्झ (जर्मनमध्ये 'आकड्यांचा क्रॉस') म्हणा, वाद मिटेल. चोरीला गेलेली वस्तू आपणच का लपवायची?
– धाकटा जोशी

लपवायची कुठे? आत चौरंगाखाली काढा की. आजींनी पडदे कुणामुळे ओढले, चोरामुळे की आपल्यामुळे, हे त्यांना कोण विचारणार?
– कॉलफील्डच्या वहिनी

मी विचारीन. शुक्रवारी करंज्या घेऊन जाते, एकटीच. कमिटीचं शिष्टमंडळ नको. माझं चुकलं असं मात्र लिहून देणार नाही. दारात काय काढायचं ते तिथून आल्यावर मी ठरवीन. आणि चार किलोत काही होत नाही, सहा आणा. जाडी नको, मागच्या वेळी चिमटीतून सुटतच नव्हती.
– रांगोळीवाल्या काकू