डासांच्या अळ्या सापडल्या, तर दंड कोणी भरायचा?

गिरगावकर (मूळ लेखन)

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३८१ ब अन्वये ज्याच्या जागेत डासांची पैदास आढळते त्याला नोटीस बजावली जाते आणि २,००० ते १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या इमारतीला नुकतीच अशी नोटीस आली. त्यानंतरच्या सभेत ‘डास काय आम्ही पाळले आहेत का?’ असा सूर बहुतेकांनी लावला. मला तो मान्य नाही.

डेंग्यू पसरवणारा एडिस हा दलदलीतला नव्हे, तर घरातला डास आहे. कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवर पालथी न घातलेली बादली, एवढे त्याला पुरते, आणि जन्मस्थानापासून तो सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. अंड्यापासून उडता डास तयार व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणजे प्रत्येक घरात दर आठवड्याला कोणीतरी डोकावले पाहिजे, आणि ते काम कोणत्याही पालिकेच्या आवाक्यातले नाही. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याच्याच आवाक्यातले आहे. धुराची गाडी गल्लीतून गेली की लोकांना बरे वाटते, पण त्या धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात.

हा वाद या शहराला नवा नाही. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची कारणे शोधली, तेव्हा बोट घरोघरच्या विहिरींकडे गेले. विहिरी बुजवण्याचे आदेश निघू लागताच पारशी आणि हिंदू अशा दोन्ही समाजांतून धार्मिक हरकती आल्या, कारण विहिरीचे पाणी पूजेचे होते. काही ठिकाणी विहीर राखून तिला जाळीचे झाकण बसवण्याची तडजोड झाली. माझ्या दृष्टीने त्या तडजोडीतच आजचे उत्तर आहे: विहीर तुमची असेल, तर झाकणही तुमचेच.

नाइलाजाने सचिव

तुमचे शास्त्र बरोबर आहे, पण ‘मालक’ हा शब्द तुम्ही फारच सहज वापरता. मी उपनगरातल्या एका सोसायटीचा सहा वर्षे सचिव आहे. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणे, ओव्हरफ्लो पाइपाच्या तोंडाची जाळी, तपासनिसाला चढता यावे म्हणून शिडी, हे सगळे आम्ही केले. मागच्या वर्षी टाकी धुणाऱ्या कंत्राटदाराची माणसे जड लोखंडी झाकण अर्धवट सरकवून निघून गेली. तीन आठवड्यांनी तपासनीस आला, त्याने टाकीत टॉर्च मारला, आणि प्रकाश पडताच अळ्या तळाकडे पळताना मी स्वतः पाहिल्या. दंड सोसायटीने भरला आणि कंत्राटदाराने फोन उचलणे बंद केले. आमची चूक होती, ती मी नाकारत नाही.

आता शेजारी पाहा. पुनर्विकासाचे काम तीन वर्षे रखडले आहे, तळघर पावसाने भरते, रहिवासी भाड्याच्या घरांत पांगले आहेत आणि विकासकाचे कार्यालय बंद आहे. पत्र्याच्या कुंपणावर जुन्या नोटिशीवर नवी चिकटवली जाते. येथे मालक कोण? ज्याचा पत्ता सापडतो त्याला दंड आणि ज्याचा सापडत नाही त्याला कागद, असा हा कायदा प्रत्यक्षात चालतो.

पिंपवाली

नळाला दिवसाकाठी तासभर पाणी येते त्या वस्तीत मी राहते. पिंप भरून ठेवले नाही तर संध्याकाळी स्वयंपाक होत नाही. पाणी साठवायला लावणारी व्यवस्था पालिकेची आणि साठवले म्हणून गुन्हेगार मी, हे मला कोणीतरी नीट समजावून सांगावे. कपडा बांधून झाकतो आम्ही, पण दिवसातून दहा वेळा तांब्या बुडवताना तो दहा वेळा सुटतो.

कोर्टकचेरी

कायद्याच्या अंगाने एक मुद्दा. नोटीस ही केवळ वसुलीची पावती नव्हे. तिचा खरा उपयोग ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव संपवण्याचा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २७१ (पूर्वीचे भादंवि २६९) जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरेल असे निष्काळजी कृत्य करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही सांगते, पण तसा संसर्ग पसरू शकतो हे त्याला माहीत असावे लागते किंवा तसे मानायला कारण असावे लागते. फ्रिजच्या ट्रेसाठी कोणी हे कलम लावू नये. मात्र एकाच तळघराबद्दल तीन पावसाळे नोटिसा घेतलेल्या विकासकाला ‘कल्पना नव्हती’ असे म्हणणे जड जाईल. सचिवसाहेबांची तक्रार कायद्याविषयी नसून तो कोणावर उगारला जातो याविषयी आहे, असे मला वाटते.

सिंगापूरहून

येथे घरात पैदास सापडली तर दंड २०० डॉलरपासून सुरू होतो आणि बांधकामावर सापडली तर काम थांबवण्याचा आदेश निघतो. भारतातले मित्र ‘तिथे बघा कशी शिस्त आहे’ म्हणून उदाहरण देतात, तेव्हा मी त्यांना आठवण करून देतो की येथे नळाला चोवीस तास पाणी असते आणि माझ्या घरात पिंप नावाची वस्तूच नाही. काम थांबवण्याचा आदेश मात्र खुशाल उचलावा. बिल्डरला २०० डॉलरचे काही वाटत नाही, थांबलेल्या क्रेनचे वाटते.

गिरगावकर

पिंपवाली ताईंचे म्हणणे मला मान्य करावे लागते. पाणी न देणाऱ्याने साठवणुकीचा दंड घेऊ नये. तरीही एक सांगतो, कारण त्यात कोणाच्या मालकीचा प्रश्न नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नुसते पाणी ओतून टाकले आणि पुन्हा भरले, तर ती पुन्हा उबतात. पिंप आठवड्यातून एकदा काथ्याने आतून घासावे लागते.

परंतु सचिवांच्या सोसायटीला झालेला दंड मला अन्यायाचा वाटत नाही. कंत्राटदार तुम्ही नेमला होता. तो गेल्यावर गच्चीवर जाऊन झाकण पाहणे हे तुमचेच काम होते.

नाइलाजाने सचिव

पाहिले नाही, हे खरे. आता टाकी धुतल्यावर झाकणाचा फोटो आल्याशिवाय बिल देत नाही. शेजारच्या तळघरात निदान गप्पी मासे तरी सोडावेत म्हणून काल गेलो होतो. पहारेकरी म्हणाला, आत जायची किल्ली साहेबांकडे आहे, आणि साहेब कोण ते त्यालाही सांगता आले नाही.