मदत हवी आहे: सलग ऐकण्यासारखे फ्रेंच अल्बम सुचवा (रॉक, पॉप, रॅप, काहीही चालेल)

नमस्कार मंडळी,

फ्रेंच गाण्यांचे अल्बम सुचवा. सुटी गाणी नकोत. पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकावेत असे अल्बम हवेत.

पार्श्वभूमी थोडक्यात. आठवीत संस्कृत सोडून फ्रेंच घेतलं होतं, का ते सांगायला नको. दहावीला मार्क भरपूर पडले, भाषा तिथेच राहिली. आता पुन्हा क्लास लावलाय आणि बी-वनची (मधल्या पातळीची परीक्षा) तयारी चालू आहे. बाई म्हणतात, कानावर फ्रेंच पडू दे, गाणी ऐक. ऐकायला घ्यावं तर ॲप तीच ती यादी पुढे करतं: एदित पियाफ, अकॉर्डियन, पावसातलं पॅरिस. पियाफ थोर आहे, वाद नाही. पण मी मुळात रॉकवाली. पिंक फ्लॉइड, रेडिओहेड, अधूनमधून मेटल. आणि फ्रान्सची जी नावं आपल्याकडे माहीत असतात, दाफ्त पंक, फीनिक्स, गोजिरा, ती मंडळी गातात बहुतेक इंग्रजीत! एका मित्राने माग्मा सुचवला. सत्तरच्या दशकातला भन्नाट बँड, 1973 चा 'मेकानिक देस्त्रुक्तिव्ह कोमान्दो' ऐकून डोकं गरगरलं, पण गातात कोबायन नावाच्या स्वतःच रचलेल्या भाषेत. मी आता कोबायनचा क्लास लावू का?

खरी अडचण अशी की जे आवडतं ते कळत नाही आणि जे कळतं ते आवडत नाही. शब्द स्पष्ट असलेली गाणी मला गुळमट लागतात. उलट नुआर देझीरचा 'तोस्ताकी' (1992) लावला, गिटार अंगावर आली, मजा आली, पण गायक काय ओरडतोय त्यातलं 'तोस्ताकी' एवढंच समजलं. तो शब्दही मुळात स्पॅनिशवरून आलाय म्हणे.

तर संगीतही दमदार आणि शब्दही निदान अर्धे पकडता येतील असं काही आहे का? ठाणे ते सीएसएमटी लोकलमध्ये ऐकते, त्यामुळे फार हळुवार असेल तर गर्दीच्या आवाजात बुडून जातं. फ्रान्सबाहेरचंही चालेल.

– अबोली_ठाणे


गच्चीवरचा

पिंक फ्लॉइड आवडतं म्हणताय तर सरळ सेर्ज गँझबूरच्या 'इस्त्वार द मेलडी नेल्सन' पासून सुरू करा. 1971 चा अल्बम, सात गाणी, अठ्ठावीस मिनिटांच्या आत संपतो. तुमची लोकल दादरला पोचेपर्यंत खेळ खलास.

पहिलंच गाणं साडेसात मिनिटांचं. सुरुवातीला नुसता बास, तोही इतका पुढे की भिंतीला कान लावून ऐकल्यासारखा. मग ड्रम्स, मग गिटारचे तुटक फटकारे. गँझबूर गात नाहीच, कानाशी बोलतो. जुनी रोल्स-रॉइस चालवतोय, लक्ष दुसरीकडेच, आणि सायकलवरच्या मुलीला धडक बसते. इथून गोष्ट सुरू. जाँ-क्लोद व्हानिएने व्हायोलिनांचा ताफा असा लावलाय की तो बासशी भांडत राहतो. शेवटच्या गाण्यात तोच बास परत येतो आणि मागे अख्खा कोरस उभा राहतो. मुखपृष्ठावर त्याची तेव्हाची जोडीदार जेन बर्किन आहे, हातातलं खेळण्यातलं माकड पोटाशी धरलंय, कारण तेव्हा ती गरोदर होती.

बोलल्यासारखं असल्याने शब्द पकडता येतात. कागदावर शब्द घेऊन एकदा ऐका, मग कागद बाजूला ठेवा.


हिंगाष्टक

गच्चीवरचा, अल्बम थोर हे मान्य. पण गोष्टीतली मुलगी जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची आणि निवेदक बाप्या, हे आधी सांगायला हवं होतं. मला तो आजही अवघडल्याशिवाय ऐकवत नाही. शिवाय तो बोलतो कुठे? पुटपुटतो. बी-वनला ते पुटपुटणं झेपणार नाही.

त्यापेक्षा त्याच वर्षीचा फ्राँस्वाझ आर्दीचा 'ला केस्तियों' घ्या. 1962 मध्ये 'तू ले गार्सों ए ले फीय' गाऊन घराघरात पोचलेली हीच ती. नऊ वर्षांनी तुका नावाच्या ब्राझीलच्या गिटारवालीबरोबर (होय, तुका, आपला नव्हे) तिने हा अल्बम केला. गिटार, थोडी व्हायोलिनं आणि अगदी जवळून आलेला आवाज. शब्द न् शब्द लागतो आणि गुळमट अजिबात नाही. तेव्हा फारसा खपला नव्हता, आज लोक शोधून शोधून ऐकतात. फक्त लोकलमध्ये नको. रात्री हेडफोन लावून.


मॉन्ट्रियलकर

फ्रान्सबाहेरचं चालेल म्हणालात म्हणून लिहितोय. नाहीतर पॅरिसवाले आम्हाला मोजत नाहीत. :)

आर्मोनियम हा क्वेबेकचा बँड. त्यांच्या 1975 च्या अल्बमचं नाव लांबलचक आहे, 'सी ओं नाव्हे बझ्वँ द्युन सँकियेम सेझों'. इथे सगळे नुसतं 'सँकियेम सेझों' म्हणतात. पाच गाणी, चार ऋतूंची चार आणि पाचवं न सापडणाऱ्या ऋतूचं. प्रोग रॉक म्हणतात खरं, पण ड्रम्स जवळपास नाहीतच. बारा तारांची गिटार, बासरी, मेलोट्रॉन नावाचा जुना कीबोर्ड. शेवटचं गाणं सतरा मिनिटांचं आणि त्यात शब्दच नाहीत, तेव्हा तिथे तुमची परीक्षाही नाही.

एक सावधगिरी. क्वेबेकचे उच्चार वेगळे. इथे आल्यावर पहिला हिवाळाभर मला बसचालक काय बोलतोय ते कळायचं नाही आणि पुण्यात तर मी वर्गात पहिला यायचो. गाण्यात ते उच्चार बरेच सौम्य होतात, तरी फरक जाणवेल. नवीन काही हवं असेल तर कार्क्वाचा 'ले शमँ द व्हेर'. 2010 मध्ये त्याला कॅनडाचं पोलॅरिस पारितोषिक मिळालं, ते मिळवणारा पहिला फ्रेंच अल्बम. इंग्रजीवाल्यांनी तेव्हा बरीच कुरकुर केली होती. रेडिओहेडवाल्यांना हा नक्की आवडेल.


खडूस_काका

सगळे सत्तरीतच अडकलेत. रॅप ऐक ना, पोरी!

फ्रान्समध्ये 1996 पासून खासगी रेडिओवर किमान 40 टक्के गाणी फ्रेंच भाषेतली लावण्याचं बंधन आलं. त्याचा सगळ्यात मोठा फायदा रॅपवाल्यांना झाला असं म्हणतात. त्याच्या थोडं आधीचा, 1994 चा एमसी सोलारचा 'प्रोझ काँबा' घे. डाकारमध्ये जन्मलेला, पॅरिसच्या आसपास वाढलेला माणूस. उच्चार असे सुटे सुटे की श्रुतलेखन घालतोय की काय वाटावं. त्यातलं 'नूव्हो वेस्टर्न' वाजतंच मुळी गँझबूर आणि ब्रिजित बार्दोच्या 'बॉनी अँड क्लाइड' वर. म्हणजे गच्चीवरचा आणि मी भांडतोय एकाच घरातून.

सोलार पचला की मार्सेयच्या 'आयाम' या रॅप गटाचा 'लेकोल द्यु मिक्रो दार्जाँ' (1997). शेवटचं 'दमँ से ल्वँ' जवळजवळ नऊ मिनिटांचं, ध्रुवपद नाही, दोघे जण एकामागून एक वस्तीतलं आयुष्य सांगत सुटतात. पहिल्यांदा काही कळणार नाही. शब्द उलटेपालटे करून बोलायची तिथल्या पोरांची पद्धत आहे: 'फाम' चं 'मफ', 'फू' चं 'उफ'. क्लासात हे शिकवत नाहीत.


हिंगाष्टक

'तोस्ताकी' बद्दल एक सांगायचं राहिलं. त्या बँडचा गायक बेर्त्राँ काँता याने 2003 मध्ये अभिनेत्री मारी त्रँतिन्याँला मारहाण केली, त्यात ती गेली. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. फ्रान्समध्ये हा वाद आजही पेटतो. ऐकायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण माहीत असून ठरवा.


अबोली_ठाणे (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार! हिंगाष्टक, हे खरंच माहीत नव्हतं. सध्या तो अल्बम बाजूला ठेवलाय.

ऐकलेल्याचा हिशेब. 'मेलडी नेल्सन' चा बास डोक्यातून जात नाही, पण गोष्टीबद्दल हिंगाष्टकशी सहमत. शब्द पाठ करावेसे वाटत नाहीत. आर्दी अप्रतिम, आणि काय आश्चर्य, 'ला केस्तियों' कागदाविना बराचसा कळला. 'सँकियेम सेझों' घरी लावला तर आईसुद्धा म्हणाली, "हे बरंय, आरडाओरडा नाही." सगळ्यात चटका लावला तो सोलारने. काका, श्रुतलेखनाची उपमा शंभर टक्के बरोबर! 'दमँ से ल्वँ' क्लासमध्ये बाईंना ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, मग म्हणाल्या, "छान आहे, परीक्षेत असलं येत नाही."

आता दोन उपप्रश्न. फ्रेंचमध्ये गाणारं मेटल कोणी आहे का? आणि बाशुंग या फ्रेंच गायकाचं नाव सगळीकडे दिसतंय, तो कुठून सुरू करू?


गच्चीवरचा

मेटलसाठी आल्सेस्त हा बँड. 'एकाय द ल्यून' (2010) पासून सुरुवात करा. मेटल आणि धुकं यांचं मिश्रण. आवाज गिटारांच्या मागे विरघळलेला असतो, त्यामुळे शब्दांची आशा सोडा. गोजिरा फ्रेंचमध्ये ऐकायचा असेल तर 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाची चित्रफीत बघा. काँसिएर्जरीच्या खिडक्यांत उभं राहून, ऑपेरा गायिका मारिना व्हियोत्तीला सोबत घेऊन त्यांनी क्रांतीच्या काळातलं 'आ सा इरा' वाजवलं होतं. राणी मारी आंत्वानेतला जिथे कैदेत ठेवलं होतं, तीच ती इमारत. आपल्याकडे असं कोणी केलं असतं तर आठवडाभर चॅनलवर चर्चा झाल्या असत्या. तिथेही झाल्याच म्हणा.

बाशुंगचा अल्बम 'फाँतेझी मिलितेर' (1998). फ्रान्सच्या व्हिक्त्वार पुरस्कारांनी 2005 मध्ये वीस वर्षांतला सर्वोत्तम अल्बम म्हणून त्यालाच निवडलं. संगीत पहिल्या फेरीतच आवडेल. शब्दांत मात्र इतक्या कोट्या आणि श्लेष आहेत की फ्रेंच लोकही अर्थावरून भांडतात. 'ला न्युई ज माँ' एवढं आत्ता ऐका, बाकीचं बी-टू झाल्यावर.


खडूस_काका

आणि मधल्या वेळात स्त्रोमाय, 'रासिन कारे' (2013). ब्रसेल्सचा गडी, जुना बेल्जियन गायक जाक ब्रेल याच्यासारखा 'र' घोळवतो, आणि लोकलच्या गर्दीतही प्रत्येक अक्षर ऐकू येतं. गुळमट म्हणालीस तर बघ.