डिक्सी चिक्स, ‘टेकिंग द लाँग वे’ आणि ‘वादावर विकलेला अल्बम’

रानवारा:
कालच्या कंट्री संगीताच्या (अमेरिकेतलं ग्रामीण धाटणीचं लोकप्रिय संगीत) धाग्यावर एकांनी ठोकून दिलं, की डिक्सी चिक्स या टेक्सासच्या तिघींच्या गटाचा 2006चा ‘टेकिंग द लाँग वे’ हा वादावर विकलेला अल्बम आहे, वाद काढला तर हाती काही लागत नाही. दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

वादाने अल्बम विकला? वादाने त्यांची विकण्याची वाटच बंद केली होती! मार्च 2003मध्ये, इराक युद्ध तोंडावर असताना, गटाची मुख्य गायिका नॅटली मेन्स लंडनच्या मंचावरून म्हणाली, की राष्ट्राध्यक्ष बुश टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. झालं, कंट्री रेडिओने तिघींना वाळीत टाकलं. आणि कंट्रीत रेडिओ म्हणजेच प्रसिद्धी. ‘ट्रॅव्हलिन सोल्जर’ तेव्हा पहिल्या क्रमांकावर होतं, व्हिएतनाममध्ये मेलेल्या सैनिकाचं गाणं. तेही यादीतून गेलं.

तीन वर्षांनी परतताना कुणीही एखादं गोड प्रेमगीत पुढे केलं असतं. यांनी पहिलं गाणं काढलं ‘नॉट रेडी टू मेक नाइस’. निर्माता रिक रुबिन, आणि चौदाही गाण्यांच्या लेखनात तिघींचा हात. कंट्री यादीत ते गाणं 36च्या वर गेलं नाही. तरी पहिल्या आठवड्यात अल्बमच्या 5,26,000 प्रती खपल्या.

टेक्सासकर:
अर्धीच आकडेवारी देताय. आधीचा ‘होम’ 2002मध्ये पहिल्या आठवड्यात 7,80,000 खपला होता. म्हणजे श्रोते गेलेच. 2006च्या दौऱ्यात दक्षिणेकडचे कार्यक्रम तिकिटं न खपल्याने रद्द झाले आणि कॅनडात जास्तीचे घ्यावे लागले, हे कसं विसरलात?

मी 2003मध्ये ह्यूस्टनला होतो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा मुलगा कुवेतला गेला होता. त्या माणसाने यांच्या सगळ्या सीडी कचऱ्यात टाकल्या. त्याला कुठल्या कंपनीचा आदेश आला नव्हता. मुलगा आघाडीवर असलेल्या बापाचा राग तुम्हाला इथे बसून कळायचा नाही.

सुरेल_वाट:
बापाचा राग कळतो. पण त्याने स्वतःच्या सीडी टाकल्या, दुसऱ्याच्या रेडिओवरचं गाणं बंद केलं नाही. ते काम मालकांनी केलं. अमेरिकेतल्या 1996च्या कायद्याने एका कंपनीकडे देशभरात किती रेडिओ केंद्रं असावीत यावरची मर्यादाच काढून टाकली. क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रं गेली. क्युम्युलस या दुसऱ्या रेडिओ कंपनीने तर आपल्या कंट्री केंद्रांवर यांची गाणी वरूनच बंद केली, आणि त्यावरून सिनेटर जॉन मॅकेनच्या समितीने त्यांच्या प्रमुखाला सिनेटमध्ये जाब विचारला. मॅकेन हे युद्धाच्या बाजूचे रिपब्लिकन, हे लक्षात घ्या.

कानसेन:
हे वरून येणाऱ्या यादीचं दुखणं मला विचारा! मी पुण्यात एका खासगी एफएमवर रात्रीचा कार्यक्रम करायचो. यादी मुख्यालयातून यायची. मराठी गाणं लावू का विचारलं तर ‘आपला श्रोता तो नाही’. श्रोत्याला कुणी विचारलं होतं? पुण्यात!

टेक्सासकर:
कानसेन, तुमचं दुःख खरं, पण इथे त्याचा संबंध काय? आणि सुरेल_वाट, क्लिअर चॅनेलने वरून बंदी घातली नव्हती. पाहिजे त्याला खलनायक करायचं हे बरं आहे तुमचं. केंद्रांवर श्रोत्यांचे फोन येत होते, तेही खोटेच का?

सुरेल_वाट:
फोन खरे होते. म्हणून तर क्युम्युलसचं नाव घेतलं, क्लिअर चॅनेलचा फक्त आकार सांगितला. नीट वाचा आणि मग तोंड सोडा.

कानसेन:
संबंध हाच, की फोन दोन्ही बाजूंनी येतात. कुठला ऐकायचा हे मालक ठरवतो. मीही रोज मराठी गाण्यांच्या फर्माइशी घ्यायचो, त्या वहीतच राहायच्या.

टेक्सासकर:
बरं, क्युम्युलसचं मान्य. एका कंपनीने सगळीकडे एकदम बंद करायला नको होतं. एवढंच. पण मूळ मुद्दा प्रसिद्धीचा. मेन्सने 2003मध्ये काही दिवसांतच माफी मागितली होती. 2006मध्ये, नेमका अल्बम बाजारात येताना, ‘टाइम’ साप्ताहिकाला सांगितलं की माफी मागितली होती खरी, पण आता तसं वाटत नाही. ही विक्री नाही तर काय? 2007मध्ये पाच ग्रॅमी मिळाली तीही राजकारणाचीच टाळी.

रानवारा:
माफी शब्दांच्या उद्धटपणाची होती, मताची नव्हती. आणि मधल्या काळात काय झालं? 2003च्या जुलैत डॅलसच्या कार्यक्रमाआधी तिला जिवे मारण्याची धमकी आली, तरी ती पोलीस बंदोबस्तात गायली. त्या धमकीचं पत्रच ‘नॉट रेडी’च्या कडव्यात आहे. स्वतःच्या मृत्यूच्या धमकीवर गाणं लिहिणारी बाई फक्त प्रती मोजत होती, असं तुम्ही म्हणताय. ग्रॅमीचं म्हणाल तर पाचांतली दोन कंट्री विभागातलीच होती, ज्या कंट्रीने दार लावलं होतं.

टेक्सासकर:
आवाज तिचा जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. ‘नॉट रेडी’ गाणं म्हणून उत्तम. पण माफी परत घेण्याची वेळ मला पटलेली नाही आणि पटणार नाही.

रानवारा:
नका पटवून घेऊ. पण मग ‘वाद काढला तर काही उरत नाही’ हे तरी म्हणू नका. गाणं उत्तम आहे हे आत्ताच तुम्ही लिहिलंत.