गोव्यातल्या चांदरच्या देवळाचे अवशेष: फील्डवर्कला कुणी गेलंय का?

एमएच्या प्रोजेक्टसाठी चांदरला गेले, तर मुंडकं नसलेला नंदी आणि विटांचा पाया, बस्स, अर्ध्या तासात संपलं, आता लिहू काय?

उत्तर: अगं गावातल्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत जा की! कार्निव्हलला तिथले ख्रिस्ती लोक मुसळं आपटत मुसळखेळ खेळतात, खरं मटेरियल ते. पण गेल्या गेल्या रेकॉर्डर काढू नको, आधी चहा घे.

उत्तर: दिवाडी बेटावरही जा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ तिथलं, नंतर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला, १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याचं देऊळ बांधून घेतलं. दिवाडीत जुनी तळी आहे, चिरे शेवाळलेत, मी चपलेसकट आपटलोय.

थँक्स! नार्व्याहून दिवाडीला जायच्या फेरीबोटीत स्कूटर घेतात ना?

उत्तर: घेतात गो.