वसाहतीच्या हिरवळीसाठी खताचा नियम करावा काय?

प्रश्न (सिरपूर परिसर, इंदूर)
आमच्या वसाहतीच्या बागेत माळीभाऊ दरवर्षी मृगाच्या तोंडावर हिरवळीवर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) आणि युरिया ही खते टाकतात आणि पहिल्याच जोरदार सरीत त्यातले बरेचसे पावसाळी नाल्यात वाहून जाते. हा नाला सिरपूर तलावाकडे उतरतो. 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेल्या तलावात आपल्या हातून खत जावे, हे मला सहन होत नाही. रहिवासी संघापुढे लेखी नियम मांडायचा आहे. परदेशात असे नियम आहेत म्हणतात. त्यांत नेमके काय असते?

उत्तर 1
ताई, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात 2005 पासून हिरवळीला स्फुरदयुक्त (फॉस्फरसयुक्त) खत घालण्यास राज्यभर मनाई असून, मातीपरीक्षणात स्फुरदाची उणीव आढळली किंवा हिरवळ नव्याने लावायची असली, तरच सूट मिळते. रस्त्यावर सांडलेले खत झाडून घेणेही तेथे बंधनकारक आहे. फ्लोरिडातील पिनेलस काउंटीत 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात हिरवळीला नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद दोन्ही घालता येत नाहीत. तेथील पावसाळाही याच महिन्यांत येतो, त्यामुळे हे कलम आपल्याला जवळजवळ जसेच्या तसे घेता येईल. डीएपीमध्ये 46 टक्के स्फुरद (ऑक्साइडच्या, म्हणजे P₂O₅ च्या, रूपात मोजलेले) असते, म्हणून आधी मातीपरीक्षण करून घ्या.

उत्तर 2
आपल्या तलावांचे आणि कान्ह नदीचे मोठे दुखणे सांडपाण्याचे आहे. हिरवळीचा वाटा त्यापुढे लहानच ठरेल. संघाची शक्ती आधी तिकडे लावावी, असे मला वाटते.

उत्तर 3
काका, सांडपाण्याचा मुद्दा खरा आहे, पण त्याचा निर्णय संघाच्या हाती नाही आणि खताचा आहे. नत्र पाण्यात विरघळून जाते, तर स्फुरद मुख्यतः मातीच्या कणांना चिकटून गाळाबरोबर जाते. दोन्हींवर शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. म्हणून उघडी माती राहू न देणे हेही नियमात असावे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात कंपोस्टची 'इंदूर पद्धत' आपल्याच शहरात विकसित केली, तेव्हा कापलेले गवत कंपोस्टला जावे, हे कलम तर इंदूरकरांनी आग्रहाने घालावे. मात्र कंपोस्टमध्येही स्फुरद असते. तेही भर पावसात पसरू नये.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. मातीपरीक्षणाशिवाय डीएपी नाही, जून ते सप्टेंबर कोणतेही खत नाही आणि नाल्यालगतच्या पट्ट्यात कधीच नाही, असा मसुदा करते. माळीभाऊंनाही बैठकीला बोलावणार आहे, कारण खत त्यांच्याच हातून पडते.