मदत हवी आहे: राउटरचं क्यूओएस आणि डब्ल्यूपीए३

घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, अपलोडही तेवढंच. मुलीच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू झाला की माझा व्हिडिओ कॉल अडखळतो. पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) ८ वरून थेट ३०० मिलिसेकंदांवर. लॅपटॉप केबलने जोडला तरी तेच, म्हणजे वायफायवर खापर फोडता येत नाही. राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणत्या उपकरणाला इंटरनेट आधी द्यायचं ते ठरवणारी सोय) लॅपटॉपला 'हाय' प्रायॉरिटी दिली, फरक शून्य. तिथला एकूण बँडविड्थचा (लाइनच्या वेगाचा) रकाना मात्र अजून १००० एमबीपीएसवरच आहे. तिथे ९० टाकायचे का?

शिवाय वायफायला डब्ल्यूपीए३ (डब्ल्यूपीए२ नंतरची नवी सुरक्षा पद्धत) केलं की जुना प्रिंटर गायब होतो. गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) टाकला तर लॅपटॉपला दिसत नाही. राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) ताजं आहे, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद. नवा राउटर इतक्यात नको. डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स ठेवलं तर सुरक्षेत नेमकं काय गमावतो?